टाईप करणारा, ताडून पाहणारा

हे लिहायचं नाही असं जवळजवळ ठरलं होतं. दोनदा फाईल उघडली, दोनदा बंद केली. आज तिसरी वेळ. मागे जाऊन काही दुरुस्त करायचं नाही, असं स्वतःला बजावलंय. सगळा घोळ दुरुस्तीनेच झालाय.

मी टाईप करतो. लोकांच्या जुन्या वह्या, पत्रं, डायऱ्या. एका विद्यापीठाच्या साहित्य विभागात, तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. त्याआधी झेरॉक्सच्या दुकानात होतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. ज्या काही भाषा येतात त्या गिऱ्हाइकांनी दुकानात विसरलेल्या पुस्तकांवरून आणि रेडिओच्या बातम्यांवरून शिकलो. बातम्या देणारी बाई जशी बोलायची तसं मी आरशासमोर उभा राहून बोलायचो. ताई म्हणायची, "चला, बसा सगळे, साहेबांच्या बातम्या लागल्या."

आमच्या घरी तीन भाषा एकाच ताटात असायच्या. आई एका भाषेत हाक मारायची आणि दुसरीत रागवायची. बाहेर तसं बोललं की लोक हसायचे. एकदा एका कचेरीत अर्ज द्यायला गेलो होतो. खिडकीतल्या माणसाने शेजारच्याला बोलावलं आणि मला म्हणाला, "परत बोल." मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. मी तेच वाक्य परत बोललो. मोठ्याने.

त्या दिवसापासून बातम्यांसारखं बोलायला लागलो. एवढं सांगून ठेवतो. सबब म्हणून नाही. पण असू दे माहीत.

तर आमचं काम. आमच्या मॅडम सहा वर्षं एक जाडजूड पुस्तक करतायत. देशाचं साहित्य म्हणजे काय, यावर. त्यांचं म्हणणं साधं आहे. आतापर्यंत सगळ्यांनी सरकारी भाषेतली पुस्तकं मोजली आणि म्हणाले, झालं, हेच आपलं साहित्य. पण इथून कामाला परदेशात गेलेल्या माणसाने तिथल्या भाषेत पत्र लिहिलं, ते कोणाचं? तिकडून लग्न होऊन इथे आलेल्या बाईने स्वतःच्या भाषेत वही भरली, ती कोणाची? दोन्ही देश म्हणतात, आमची नाही. मॅडम म्हणतात, "नाक्यावर सामान तपासतात रे. माणूस तोंडात काय घेऊन चाललाय ते कोण तपासतं? ते आपण तपासायचं."

म्हणून पुस्तकात डाव्या पानावर मूळ मजकूर, जसा आहे तसा, ज्या भाषेत किंवा भाषांत असेल त्या. उजव्या पानावर त्याचं सरकारी भाषेत भाषांतर. आमच्या खोलीत भिंतीवर मॅडमच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय: "चूक दिसली तरी हात लावू नका. ती आपली नाही."

आणि प्रत्येक वहीबरोबर एक फॉर्म असतो. त्यावर दोन रकाने. टाईप करणारा. ताडून पाहणारा. एकाने टाईप करायचं, दुसऱ्याने मूळ वही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायची, मग दोघांनी सही करायची. दोन वेगळी माणसं. यावर मॅडम फार कडक.

मला तिथे सगळे इस्त्री म्हणतात. माझं पान हातात आलं की त्यावर सुरकुती नसते म्हणून. मॅडमनीच ठेवलेलं नाव. मला आवडायचं ते.

समोरच्या खोलीत डिंक्या. तो पुस्तकं बांधतो. जुन्या वह्या उसवायच्या, पानं साफ करायची, परत शिवायची. अंगाला कायम डिंकाचा वास, आणि एकदा चिकटला की सुटत नाही, म्हणून डिंक्या. आम्ही डबे एकत्र खायचो. तो माझ्या बोलण्याची नक्कल करायचा. "आजच्या ठळक बातम्या. इस्त्रीच्या डब्यात पुन्हा कालचीच भाजी."

त्याचे बाबा, म्हणजे काका, क्रेन चालवायचे. उंच इमारती बांधतात ती क्रेन. तीस वर्षं, तीन देशांत. मुलूख इथला, बायको सीमेपलीकडची, आणि साइटवर सगळे तिसरीच भाषा बोलणार. क्रेनच्या केबिनमध्ये माणूस दिवसभर एकटा असतो. खालून वॉकीटॉकीवर हुकूम येईपर्यंत नुसतं बसायचं. त्या बसण्यात काकांनी एक वही भरली होती. आता साखरेने डोळे गेलेत. दिसत नाही.

एक दिवस डिंक्या ती वही माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. रेग्झिनचं कव्हर, कोपरे झिजलेले.

"मॅडम हो म्हणाल्या," तो म्हणाला. "घेतायत पुस्तकात."

"तू वाचलीस?"

"पहिलं पान वाचून दाखवायला गेलो बाबांना. दोन ओळींपुढे जाताच येईना. नाही जमत." मग नेहमीसारखं हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "त्यांना एकदा ऐकायचंय रे. आपण लिहिलेलं कोणीतरी वाचतंय आणि चार माणसं बसून ऐकतायत. एवढंच. त्यांचा आता काही भरवसा नाही. तुझ्याकडे देतोय म्हणजे मला काळजी नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. माझ्याकडे देतोय म्हणजे त्याला काळजी नाही.

इथे थांबलो होतो. पाणी पिऊन आलो.

वही उघडली आणि मला घाम फुटला. एकही ओळ एका भाषेत नाही. वाक्य सरकारी भाषेत सुरू होणार, मध्येच साइटच्या भाषेतला हुकूम, त्याला जोडून एक सणसणीत शिवी, आणि पुढची ओळ एकदम बायकोच्या भाषेत, मऊ, मूल झोपलंय आणि हळू बोलतोय अशी. ठिगळाला ठिगळ. वाचताना मला कचेरीतली ती खिडकी दिसायला लागली. ऐक ऐक, हा कसा बोलतो बघ.

मला वाटलं, लोक काकांना हसतील.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी एकच शब्द बदलला. मग शेजारचा बदलावा लागला, नाहीतर पहिला उघडा पडत होता. मग शिव्या काढल्या. मॅडमसमोर, मोठमोठ्या लोकांसमोर वाचणार, शिव्या कशा चालतील? मग हुकूम काढले. मग बायकोच्या भाषेतल्या ओळी सरकारीत आणल्या, कारण आता सगळं पान स्वच्छ झाल्यावर त्या तेवढ्याच वेगळ्या दिसत होत्या. तीन आठवड्यांनी अख्खी वही बातम्यांसारखी झाली. भिंतीवरचा कागद रोज माझ्या डोक्यावर होता. मी त्याच्याखाली बसून हे केलं. आणि करताना मला छान वाटत होतं. गरीब नातेवाइकाला समारंभाआधी आपला शर्ट द्यावा, तसं.

आता फॉर्म. तिन्ही भाषा येणारी आमच्याकडे आणखी एक बाई होती, ती बाळंतपणाच्या रजेवर. तिच्यासाठी थांबायला हवं होतं. मी पहिल्या रकान्यात सही केली. मग डिंक्याच्या टेबलावरचं हिरवं पेन आणलं आणि दुसऱ्या रकान्यातही केली, जरा तिरकी. मीच टाईप करणारा, मीच ताडून पाहणारा. ताडून काय पाहिलं? आरसा.

मॅडमनी पानं वाचली आणि मला वर बोलावलं.

"बस. हे मूळ असंच आहे?"

हाच तो क्षण. दार उघडं होतं, वही खाली डिंक्याच्या टेबलावर होती, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, "हो मॅडम."

"असंच? एकाच भाषेत?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "कमाल आहे. मला वाटलं होतं, तीन देशांत राहिलेला माणूस तीन भाषांत लिहिणार. आमची सगळी मांडणीच त्यावर उभी आहे. आणि हा गृहस्थ इतकी वर्षं बाहेर राहून सरकारी भाषेतच विचार करतो. मग आपलंच काहीतरी चुकतंय." त्या रागावल्या नव्हत्या. खूश होत्या, चुकल्याचा आनंद होतो तशा. "हे प्रस्तावनेत घ्यायलाच हवं. आपल्याविरुद्ध जाणारा पुरावा लपवायचा नसतो."

त्यांनी खरंच घेतलं. चार पानं लिहिली त्यावर. छपाईआधीच्या कच्च्या प्रतीत तो एकच मजकूर असा होता की डाव्या पानावर मूळ आणि उजवं पान कोरं, कारण भाषांतराची गरजच नव्हती. आणि मुखपृष्ठाच्या आत, मॅडमच्या नावाखाली, लहान टायपात, सहसंपादक म्हणून माझं नाव. ताईला त्या कच्च्या पानाचा फोटो पाठवला. तिने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

पुस्तक छापायला जायच्या आधी विभागात वाचन ठेवलं होतं. शुक्रवारी दुपारी, वरच्या हॉलमध्ये, चाळीस खुर्च्या. मॅडमची पद्धत अशी की आधी मजकूर वाचायचा, लिहिणाऱ्याचं नाव शेवटी सांगायचं, म्हणजे लोक नाव ऐकून मत बनवत नाहीत.

वही मॅडमकडे दिलीय एवढंच काकांना माहीत होतं; घेतली, आज वाचणार, हे डिंक्याने सांगितलं नव्हतं. "नुसतं म्हटलंय, चला, कार्यक्रम आहे. त्यांचं त्यांनाच ओळखू दे. पहिल्या ओळीत ओळखतील बघ."

काका आले. धुतलेला शर्ट, वरपर्यंत बटणं, हातात काठी. आम्ही तिसऱ्या रांगेत. एका बाजूला डिंक्या, एका बाजूला मी. एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि वाचायला लागली. वारा सुटल्याचा प्रसंग. वारा वाढला की काम थांबवतात, पण क्रेनवरच्या माणसाला त्या वाऱ्यात शिडी उतरता येत नाही. म्हणून तो वरच अडकतो, आणि खाली सगळे डबे उघडून जेवायला बसलेले त्याला दिसतात.

मुलगी छान वाचत होती. डिंक्या तिच्याकडे बघतच नव्हता. बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होता. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. पान संपलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही काठी मांडीवर आडवी ठेवून वाजवल्या.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कोण रे हा? शिकलेला दिसतोय."

मी टाळ्या वाजवतच राहिलो.

"चांगलं लिहिलंय हो," काका म्हणाले. "पण वर बसलेला नाही कधी. खालून बघून लिहिलंय. वर अडकलेला माणूस असा बोलत नाही. माझ्यावर आली होती ना तशी वेळ." काठी जमिनीला टेकवली. "म्हणजे माझी वही नाही घेतली त्यांनी. बरोबरच आहे. असं लिहिणारी माणसं असताना माझं ते काय... चल रे, पाय आखडले."

हे शेवटचं डिंक्याला. डिंक्या उठला. नावं सांगायच्या आधीच दोघं निघून गेले. दाराशी डिंक्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशोब लागत नसला की माणूस बघतो, तसं.

मॅडमनी काकांचं नाव घेतलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ते मला आजवर नुसतं बोलायला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंक्याच्या खोलीत गेलो. वही उसवून पानं सुटी केलेली होती. त्याने वाऱ्याचं पान एका बाजूला ठेवलं होतं आणि शेजारी माझं टाईप केलेलं. बोट ठेवून ओळ न् ओळ ताडत होता. त्या वहीचं ताडायचं काम त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

"ये, इस्त्री," तो म्हणाला. वर न बघता. "बस. तुला गंमत सांगतो."

मी उभाच राहिलो.

"हे बघ. इथे ते शिडी चढतायत. इथपर्यंत सरकारी भाषा. केबिनमध्ये बसले की साइटची भाषा, कारण वॉकीटॉकी सुरू. तो चालू असेपर्यंत तीच, शिव्या पण त्यातल्याच. आणि इथे वारा सुटला, वॉकीटॉकी बंद पडला. आता त्यांच्याशी बोलायला कोणी नाही. मग कोणाची भाषा?"

मी पाहिलं. बायकोची.

"आईची," डिंक्या म्हणाला. "अख्ख्या वहीत असं आहे. रात्रभर बघत होतो. अडत अडत वाचली सगळी. वर कुठे, खाली कुठे, घाबरले कुठे, हे भाषेवरून कळतं. एकदासुद्धा चुकलेले नाहीत. चौथीपर्यंत शिकलेला माझा बाप. तुला काय वाटलं, येत नव्हतं म्हणून मिसळलं?"

मी म्हटलं, "मला वाटलं लोक हसतील."

"कोणाला?"

उत्तर मला माहीत होतं. मी माझं टाईप केलेलं पान पालथं घातलं, आणि ते त्याला कळलं.

"इस्त्री कर म्हटलं तर बटणं पण जाळलीस," तो म्हणाला. "अति शहाणा. बरं, चुकलं असेल. पण मॅडमनी तुला विचारलं असेल ना, मूळ असंच आहे का? त्या सगळ्यांना विचारतात."

"विचारलं."

"मग?"

"हो म्हटलं."

डिंक्याने ब्रश पाण्यात टाकला. बराच वेळ तो पाण्यात फिरवत राहिला. "हे वाईट," तो म्हणाला. "ते आधीचं समजू शकतो मी. हे वाईट."

सोमवारी पुस्तक छापखान्यात जाणार होतं. मी काकांच्या वहीतलं ते वाऱ्याचं पान मागितलं. त्याने दिलं, प्लास्टिकमध्ये घालून, आणि म्हणाला, "बोटं धुऊन धर." मी वर गेलो.

मॅडमना सगळं सांगितलं. उभ्यानेच. बातम्यांसारखं बोलायला लागलो आणि दुसऱ्या वाक्याला ती भाषा संपली. मग आईसारखं बोललो. इथून तिथून शब्द घेऊन. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी फॉर्म मागवला. दोन्ही सह्या बराच वेळ पाहिल्या.

"दुसरं पेन कुठून आणलंस?"

बाकी काही विचारलं असतं तर चाललं असतं. ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. मी म्हटलं, "बाइंडरच्या टेबलावरून."

"म्हणजे त्याच्याच पेनाने."

"हो."

त्यांनी मूळ पान खिडकीजवळ धरलं. वाचता वाचता बसल्या. मग प्रस्तावनेची ती चार पानं काढली आणि त्यांवर एकेक आडवी रेघ मारली. "मी जगाला सांगायला निघाले होते की हा माणूस एकाच भाषेत जगला," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून नाही. मला तो पुरावा आवडला म्हणून. मीही वही मागवली नाही." मग छापखान्याला फोन केला, तीन आठवडे मागितले. फोन ठेवून म्हणाल्या, "तुझ्या नावाचं काय करायचं?"

"काढा."

"काढते. टाईप मात्र तूच करायचंस. ताडायला रजेवरची बाई आली की ती. तोपर्यंत फॉर्म माझ्या कपाटात." मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाल्या, "आणि त्या म्हाताऱ्या माणसाला काय वाटतंय, ते तू मला अजून सांगितलं नाहीस."

सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला जायची खूण केली.

ताईला फोन केला, नाव निघालं म्हणून. ती म्हणाली, "अरे पण मी सगळ्यांना पाठवलंय." मग म्हणाली, "तू आज कसा बोलतोयस? आईसारखा."

खाली आलो तेव्हा डिंक्या पानांचे गठ्ठे लावत होता. शिवायला घेतली नव्हती. म्हटलं, झालं, सांगितलं. तो म्हणाला, "कळलं. वरून आवाज नाही आला म्हणजे जोरात लागलंय."

"काका काय म्हणतायत?"

"काही नाही. काल जेवताना म्हणाले, त्या माणसाचं अजून काही असेल तर आणून वाच म्हणावं इस्त्रीला. चांगलं लिहितो." डिंक्याने गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला. "त्यांना वाटतंय वही परत केली. विचारत होते, कुठे ठेवलीस. मी काही बोललो नाही. मी नाही सांगणार. माझं काम शिवायचं."

"मी सांगतो."

"काय सांगशील?"

"की नाकारली नाही. की तो शिकलेला माणूस तेच, आणि त्यांना वरून खाली मी आणलं."

"आणि मग?"

"मग वाचेन. मूळ. तू चार माणसं गोळा कर."

डिंक्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "शेजारचे दोघं, मी, आणि तुझी ताई. चार. उद्या रविवार, चार वाजता. शिव्या आल्या की खोकशील."

"नाही खोकणार."

"आईची भाषा आली की बातम्या देशील."

"नाही देणार. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आहे तसं वाचेन, शिव्यांसकट. आणि काका मध्येच म्हणाले, हे चुकीचं वाचलंस, तर तिथून परत सुरू करेन. शब्द देतो."